दोन रिकाम्या जागांचं काम कोण करतंय?

पत्र

ताई, नमस्कार.

मी दीडशे माणसांच्या एका कंपनीत एचआर सांभाळतो. या वर्षी व्यवस्थापनाने 'कर्मचाऱ्यांचं आरोग्य' हा विषय माझ्याकडे सोपवला. मी मनापासून कामाला लागलो. आरोग्य तपासणी शिबिर घेतलं, ध्यानाचं ॲप सगळ्यांना मोफत दिलं, पावलं मोजण्याची स्पर्धा लावली, दर शुक्रवारी दुपारी चार वाजता तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. गेल्या शुक्रवारी अकरा जण आले, त्यातले चार आमच्याच विभागाचे. ॲप उघडणारे तर बोटांवर मोजण्याइतके. याच काळात अकाउंट्समधल्या दोघांनी राजीनामा दिला (त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत, काम सध्या विभागून दिलंय) आणि त्याच विभागातली एक अतिशय चोख सहकारी डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवड्यांच्या रजेवर गेली. तिला झोप लागत नव्हती, जागेवर बसल्या बसल्या छातीत धडधडायचं. पुढच्या महिन्यात ती परत येतेय. तिच्याशी कसं वागायचं कळत नाही, आणि तिचे सहकारी आत्तापासूनच कुरकुरतायत. साहेब म्हणतात, "एवढं करूनही लोकांना काही पडलेलं नाही." लोकांचा सहभाग वाढवायला काय करू? मलाही हल्ली पहाटे तीनला जाग येते, पण तो वेगळा विषय.

— एक एचआर व्यवस्थापक

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात घातली आहे. दोघं गेले, जागा भरल्या नाहीत, काम विभागून दिलं. कोणाला दिलं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण रजेवर गेलेली सहकारी त्याच विभागातली आणि 'अतिशय चोख' आहे, एवढ्यावरून अंदाज येतो. विभागून दिलेलं काम सगळ्यांवर सारखं कधीच पडत नाही. जो नाही म्हणत नाही आणि ज्याचं काम पुन्हा तपासावं लागत नाही, त्याच्या टेबलाकडे ते आपोआप सरकतं. त्यामुळे सहभाग कसा वाढवायचा हा तुमचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवते. लोक आले नाहीत यात त्यांचा आळस मला दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी चार म्हणजे आठवड्याची कामं हातावेगळी करायची वेळ. ज्याचं काम उरलंय तो ताणतणावावरचं व्याख्यान ऐकायला बसला, तर तेवढा तास उशिरा घरी जाणार. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला येणं परवडत नाही, आणि जो येतो तो बहुधा आधीच बरा असतो. हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने स्वतःच्याच जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर याचा नीट प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला तपासणी, आरोग्यवर्ग, बक्षिसं असा सगळा कार्यक्रम देऊ केला, दुसऱ्याला नाही. आपणहून भाग घेणारे लोक सुरुवातीपासूनच जास्त निरोगी आणि वैद्यकीय खर्च कमी असलेले निघाले. आणि दोन गटांची तुलना केली तेव्हा वैद्यकीय खर्चात, व्यायामाच्या सवयीत, गैरहजेरीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. फरक पडला तो तपासणी करून घेणाऱ्यांच्या संख्येत, आणि 'कंपनीला आपल्या तब्येतीची काळजी आहे' असं वाटणाऱ्यांच्या प्रमाणात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीतल्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. दीड वर्षानंतर लोक सांगत होते की आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि खर्च जिथल्या तिथे होते.

याचा अर्थ शिबिर वाया गेलं असा घेऊ नका. ज्या दोन-चार जणांचा वाढलेला रक्तदाब किंवा साखर त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आली असेल, त्यांच्यासाठी ते शिबिर फार मोलाचं होतं. ते दरवर्षी घ्या. पावलांची स्पर्धा मात्र मला कधीच पटलेली नाही. ज्याचा गुडघा दुखतो, ज्याला घरी लहान मूल आहे, जो दिवसभर खुर्चीतून उठू शकत नाही, त्याचं नाव दर आठवड्याला यादीत तळाशी लावून आपण नेमकं कोणाचं आरोग्य सुधारतो?

आता साहेबांच्या 'लोकांना पडलेलं नाही' या वाक्याकडे येते. लोक कशाने आजारी पडतात याबद्दल सगळ्यांचाच असा समज असतो की खाणं, व्यायाम, व्यसनं ही ज्याची त्याची जबाबदारी, आणि ऑफिसचा ताण असलाच तर तो वरच्या खुर्चीतल्या माणसाला. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला तेव्हाही लोकांचा समज हाच होता. हृदयविकार म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांचा आजार. हा अभ्यास करणारे संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं ते उलटं. अगदी खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होतं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं हिशेबात धरूनही फरकाचा बराच मोठा भाग उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात त्याचं एक ठळक कारण सापडलं. आपलं काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायला माणसाला किती मुभा आहे, यावर बरंच अवलंबून होतं. स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची आकडेवारी घेऊन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि हातात काहीच नाही, हा मेळ त्याला खचवतो.

तुमच्या अकाउंट्समधलं चित्र डोळ्यापुढे आणा. त्या सहकारीवर दोघांचं काम येऊन पडलं. ते घ्यायचं की नाही हे कोणी विचारलं नाही. महिनाअखेरची तारीख हलत नाही. बिलं वेळेवर आली नाहीत तर त्याचा दोष तिच्याकडे, पण बिलं वेळेवर पाठवायला सांगण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. असं सहा महिने चाललं की झोप उडणं आणि छातीत धडधडणं यात नवल काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद केली. ती आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती अशी तिची नोंद आहे. पार गळून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. म्हणजे शोध घ्यायचा तो कामात.

मग करायचं काय? पहिलं काम कंटाळवाणं आहे, त्यासाठी कोणी टाळ्या वाजवणार नाही. अकाउंट्सच्या प्रमुखाला घेऊन बसा आणि एका कागदावर त्या विभागाची सगळी कामं लिहून काढा. थकीत बिलांचा पाठपुरावा, पुरवठादारांची देणी, पगाराची पडताळणी, महिनाअखेरचे ताळे, अगदी 'अमक्या साहेबांना दर सोमवारी पाठवायची शीट' सुद्धा. शेजारच्या रकान्यात राजीनाम्यांपूर्वी ते काम कोण करत होतं, त्यापुढे आता कोण करतं, आणि महिन्याला साधारण किती तास लागतात. तास अंदाजे लिहा, पण ते काम करणाऱ्याला विचारून लिहा. प्रमुखाच्या अंदाजात नेहमी निम्मेच तास असतात. शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द यायला हवा : थांबवू, पुढे ढकलू, किंवा दुसऱ्याला देऊ. एकाही कामापुढे यातला शब्द आला नाही, तर तुम्ही काहीच विभागलेलं नाही, नुसतं लादलंय.

ती सोमवारची शीट कोणी उघडतं का तेही बघा. प्रमुखाच्या संमतीने दोन आठवडे पाठवू नका. किती जण विचारतात ते मोजा. बहुतेक कार्यालयांत अशा तीन-चार गोष्टी निघतात, ज्या सुरू कोणी केल्या हेही आता कोणाला आठवत नसतं.

दुसरं, लोकांना विचारा, पण प्रश्नावली पाठवून नको. निदान आधी तरी नको. 'तुमचं नाव गुप्त राहील' असं लिहून खाली विभाग, वय, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं विचारली, तर सहा जणांच्या विभागात कोण काय बोललं ते लहान मूलही सांगेल. लोकांना हे कळतं, म्हणून ते सगळीकडे 'समाधानी' वर खूण करून मोकळे होतात. त्याऐवजी चार-पाच जणांना एकत्र बसवा, त्यांच्या बॉसला न घेता, कामाच्या वेळात. 'तुम्हाला ताण आहे का?' असं विचारू नका. विचारा, गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना सगळ्यात जास्त वैतागला होतात? त्या दिवशी काय झालं होतं? उत्तरं किरकोळ वाटतील. एका मंजुरीला तीन सह्या लागतात आणि तिसरा माणूस कधी जागेवर नसतो. सकाळी ठरलेलं दुपारी बदलतं. जेवायला बसलं की हमखास फोन येतो. खिडकीजवळच्या खुर्चीत दुपारनंतर स्क्रीन दिसत नाही. या किरकोळ गोष्टींनीच दिवस बनतो. त्यातली एक पंधरा दिवसांत सोडवा आणि ती सोडवली हे त्यांना सांगा. जे सोडवणं तुमच्या हातात नाही, तेही तोंडावर सांगा. ऐकून घेऊन गप्प बसणं सगळ्यात वाईट. पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

आणि ते रात्रीचे मेसेज. तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण पैज लावते की तुमच्याकडेही आहेत. रात्री पावणेदहाला ग्रुपवर येतो : 'उद्या सकाळी बघितलं तरी चालेल.' पाठवणाऱ्याला खरोखरच तसं म्हणायचं असतं. त्याच्या डोक्यात आलं, त्याने लिहिलं, तो मोकळा झाला. वाचणाऱ्याचं काय होतं? त्याने फोन उचलला, वाचलं, आकडा चुकलाय की काय असं वाटलं, आता तो झोपेपर्यंत मनात तेच उगाळणार. शिवाय दुसऱ्या कोणीतरी तिथेच अंगठा दाखवला, म्हणजे बाकीच्यांनाही वाचल्याचं कळवणं भाग पडलं. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करायला लावली. तुम्हाला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. मेल आणि मेसेज ठरलेल्या वेळी आपोआप जाईल अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. साहेबांनी एक महिना स्वतः ती वापरावी. परिपत्रक काढून हे होत नाही. वरच्या माणसाचा रात्रीचा मेसेज थांबला की खालचे चार आपोआप थांबतात.

तासांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे काढलेला निष्कर्ष असा की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. तुमच्याकडे येण्या-जाण्याच्या नोंदी असतील. अकाउंट्सच्या गेल्या सहा महिन्यांच्या काढा. घरून उघडलेल्या लॅपटॉपची वेळ त्यात धरलेली नसते, हे ध्यानात ठेवून.

आता तुमच्या सहकारीबद्दल. ती हजर होण्याच्या आठवडाभर आधी तिला फोन करा. नेमकं काय झालं होतं, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारू नका. तो तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा विषय. विचारायचं एवढंच : डॉक्टरांनी कामाच्या तासांबद्दल काही सांगितलंय का, सुरुवातीला कोणतं काम घ्यायला जमेल, आणि बाकीच्यांना काय सांगितलेलं तुला चालेल? शेवटचा प्रश्न विसरू नका. काहींना वाटतं की एकदा सांगून मोकळं व्हावं, काहींना अवाक्षरही नको असतं. तिने 'फक्त तब्येतीमुळे रजेवर होते एवढंच सांगा' म्हटलं, तर तेवढंच सांगायचं, चहाच्या वेळीसुद्धा.

पहिले काही आठवडे तिला अर्धा दिवस किंवा मोजके दिवस द्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवत न्या. इथे एक चूक सर्रास होते. तास अर्धे केले जातात आणि काम पूर्ण ठेवलं जातं. मग ती चार तासांत आठ तासांचं उरकायला बघते आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येते. तास कमी केले तर टार्गेटही कमी करा, आणि ते लिहून द्या. सहा आठवड्यांचे न वाचलेले मेल तिच्यासमोर उघडू देऊ नका. कोणीतरी आधी चाळून त्यातले महत्त्वाचे वेगळे काढून ठेवावेत. तिच्या थेट वरिष्ठाने आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तिच्याशी बोलावं, 'कसं वाटतंय' यापेक्षा 'या आठवड्यात कुठे अडलं' असं विचारावं. आणि बोलण्यात कधी 'जगण्यात अर्थ नाही' अशा अर्थाचं काही आलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच गाठा. समुपदेशक होणं तुमचं काम नाही, योग्य माणसापर्यंत पोहोचवणं आहे.

कुरकुरणाऱ्यांवर चिडू नका. ते दुष्ट नाहीत. आधी दोघांचं आणि आता तिचंही काम त्यांच्या अंगावर आहे. त्यांना तिच्या आजारावर प्रवचन नकोय, आपलं ओझं कधी उतरणार हे हवंय. वर सांगितलेला कागद त्यांच्यासमोर ठेवा. कोणतं काम थांबवलं, कोणतं पुढे ढकललं, नवीन माणूस कधी येईल, तोवर कोणाकडे काय. बऱ्याचदा कुरकुर तिथेच थांबते.

समुपदेशनासाठी बाहेरची हेल्पलाइन ठेवायचा विचार मनात असेल तर जरूर ठेवा, पण एक गोष्ट जाहीर करा : तिथून कंपनीकडे काय कळवलं जातं. महिन्याला किती फोन आले एवढा आकडाच येत असेल, तर तसं लिहून लावा. एचआरला कळेल या भीतीने लोक फोन करत नाहीत, आणि ती भीती अनाठायी नसते.

साहेबांशी बोलताना ॲपचे आकडे घेऊन जाऊ नका. दोन राजीनामे, रिकाम्या जागा किती दिवस रिकाम्या, जादा तास, रजा, नवीन माणूस शोधून तयार करायला लागणारा खर्च, हे घेऊन जा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. हवा तर तोही सांगा. माणसाची तब्येत नफ्यातोट्यात मोजणं मला स्वतःला आवडत नाही, पण साहेब ज्या भाषेत ऐकतात त्या भाषेत बोलण्यात गैर नाही. मागायच्या गोष्टी दोनच : एक जागा ताबडतोब भरायची परवानगी, आणि ती भरेपर्यंत अकाउंट्सची कोणती दोन कामं मागे पडली तरी चालतील याचा निर्णय.

तुमची पहाटे तीनची जाग हा वेगळा विषय नाही. तीन-चार आठवडे रोज असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दीडशे माणसांच्या आरोग्याचं काम तुमच्या मूळ कामातलं काय कमी करून दिलंय, हेही साहेबांना भेटाल तेव्हाच विचारा. वर मागितलेल्या दोन्ही गोष्टींना साहेब नाही म्हणाले, तर वाद घालू नका. त्याच संध्याकाळी कामांची यादी जोडून साधा मेल पाठवा : 'जागा रिकाम्या असेपर्यंत यातली सगळी कामं वेळेवर होणार नाहीत. कोणती आधी करायची तो क्रम कृपया कळवा.' संध्याकाळी म्हणजे कामाची वेळ संपायच्या आत.